ग्रंथालयशास्त्र : पदवी, पद आणि हप्ता

ग्रंथालयशास्त्राची पदवी कर्ज काढून घ्यावी काय, हा प्रश्न सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील पदवीधरांपुढे उभा राहतो तेव्हा त्याचे उत्तर बहुतेक वेळा शुल्काच्या आकड्यात शोधले जाते, आणि अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शिक्षणाच्या तुलनेत हे शुल्क थोडे असल्यामुळे ते उत्तर सहजच होकारार्थी येते. परंतु या पदवीचा मोठा खर्च शुल्काच्या पावतीवर दिसत नाही. पदवी हाती आल्यापासून कायम पद मिळेपर्यंत जी वर्षे जातात त्यांत तो दडलेला असतो, आणि ती वर्षे ज्या पगारावर काढायची त्या पगाराची सर्वांत खालची पायरी किती खाली आहे, हे कळल्याशिवाय कर्जाचा कोणताही हिशेब पुरा होत नाही. अमेरिकेत अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची मान्यता असलेली पदव्युत्तर पदवी ही ग्रंथपालपदाची सर्वसाधारण पात्रता मानली जाते आणि तिचे शुल्क हजारो डॉलरांत जाते. त्यामुळे तेथे हा वाद प्रामुख्याने शुल्काचा असतो. कृष्णा-कोयनेच्या काठी तो मुख्यतः पदांचा आहे.

प्रथम ही पदवी म्हणजे नेमके काय, ते पाहिले पाहिजे. कोणत्याही शाखेचा पदवीधर एक वर्षाचा ग्रंथालय व माहितीशास्त्र पदवी अभ्यासक्रम करू शकतो, ज्याला व्यवहारात बी.लिब. म्हणतात, आणि त्यापुढचे वर्षभराचे पदव्युत्तर शिक्षण म्हणजे एम.लिब. या अभ्यासक्रमात ग्रंथांचे वर्गीकरण, म्हणजे विषयानुसार प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन फडताळावरची त्याची जागा ठरवणे, आणि तालिकीकरण, म्हणजे लेखक, शीर्षक व विषय यांपैकी कोणत्याही एका धाग्याने पुस्तक सापडावे अशी त्याची नोंद तयार करणे, ही दोन मूळ कौशल्ये शिकवली जातात. मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेली दशांश पद्धती आणि शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली मांडलेली द्विबिंदू पद्धती या दोन्हींचा परिचय विद्यार्थ्याला होतो. त्याखेरीज संदर्भसेवा, जुन्या कागदांचे जतन, ग्रंथालयाचे व्यवस्थापन आणि अलीकडच्या काळात संगणकीकरण व अंकीय संग्रह हे विषयही येतात. ज्ञान म्हणून हा अभ्यास भरीव आहे, आणि ग्रंथसंग्रह व ग्रंथालय यांतील फरक ज्या माणसामुळे पडतो तो माणूस याच अभ्यासातून घडतो, यात शंका घेण्याचे कारण नाही.

दोन्ही जिल्हे १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात आणि तेथे ग्रंथालय व माहितीशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ हेच शिक्षण घरी राहून, नोकरी सांभाळून घेण्याची सोय देते. या दोहोंच्या खाली एक तिसरी पायरी आहे, ती ग्रंथालय संघांमार्फत चालणाऱ्या आणि शासनाच्या ग्रंथालय संचालनालयाची परीक्षा असलेल्या काही महिन्यांच्या प्रमाणपत्र वर्गाची. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत काम करणारे अनेक ग्रंथपाल एवढ्याच शिदोरीवर उभे आहेत, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे त्यांच्या पगाराचा हिशेब पाहता त्याहून अधिक शिक्षणाची अपेक्षा त्यांच्याकडून करणे हा त्यांच्यावर अन्यायच ठरतो.

शुल्क थोडे असेल तर कर्ज येते कोठून, असा प्रश्न येथे साहजिकच पडतो. ते येते राहण्या-जेवण्यातून. जत, आटपाडी, माण किंवा खटाव तालुक्यातील विद्यार्थी नियमित अभ्यासक्रमासाठी कोल्हापुरात राहिला, तर खोलीभाडे, मेस, प्रवास आणि पुस्तके यांचा दोन वर्षांचा खर्च शुल्काच्या कितीतरी पुढे जातो, आणि त्याच दोन वर्षांत घरात येऊ शकली असती ती त्याची कमाई बुडते. हा खर्च बँकेच्या शैक्षणिक कर्जातून क्वचितच पूर्ण भागतो. शिक्षणाची सुरुवात उशिरा, वयाच्या पंचविशीनंतर किंवा लग्नानंतर करणाऱ्यांना आणि मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्यांना बँका सहसा उत्साहाने कर्ज देत नाहीत, म्हणून पाऊल वळते ते गावातील पतसंस्थेकडे, सोनेतारणाकडे, कधी वडिलांच्या नावावर शेतीसाठी उचललेल्या पीककर्जाकडे, आणि याही वाटा बंद झाल्या तर खासगी सावकाराकडे. या प्रत्येक कर्जाचा स्वभाव वेगळा आहे. बँकेच्या शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे साधारण एक वर्ष हप्ता सुरू होत नाही, या सवलतीच्या काळात सरळव्याज आकारले जाते, केंद्र सरकारच्या पतहमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, आणि परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. पतसंस्थेचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो, आणि सोनेतारणात मुदत संपल्यावर दागिना लिलावात जातो. तेव्हा या पदवीसाठी ‘कर्ज’ असा एकच शब्द वापरून विचार करणे धोक्याचे आहे. अभ्यासाच्या काळात थांबणारे कर्ज आणि न थांबणारे कर्ज यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आकडा मांडून पाहिल्यास हे अंतर स्पष्ट होते. समजा, दोन लाख रुपयांचे शैक्षणिक कर्ज दहा टक्के व्याजाने घेतले, ते दोन वर्षे हप्त्याविना राहिले आणि त्या काळाचे सरळव्याज मुद्दलात मिळवले गेले, तर परतफेड सुरू होताना देणे २ लाख ४० हजारांचे होते आणि पाच वर्षांच्या मुदतीत दरमहा सुमारे ५,१०० रुपये भरावे लागतात; एकूण परतफेड तीन लाखांच्या थोडी वर जाते. याउलट कर्ज केवळ ५० हजारांचे असेल आणि व्याज मुद्दलात मिळवावे न लागता ते पाच वर्षांत फेडायचे असेल, तर हप्ता १,०६० रुपयांच्या आसपास येतो. हे दोन आकडे, पाच हजार शंभर आणि एक हजार साठ, लक्षात ठेवून आता पगाराकडे वळले पाहिजे.

पगाराची चर्चा सार्वजनिक वाचनालयापासून सुरू करणे भाग आहे, कारण संख्येने सर्वांत जास्त ग्रंथपाल तेथेच काम करतात. साताऱ्यातील श्री छत्रपती प्रतापसिंह महाराज (थोरले) नगर वाचनालय किंवा सांगली जिल्हा नगर वाचनालय यांसारख्या जुन्या संस्थांची परंपरा एकोणिसाव्या शतकात जाते. त्या लोकवर्गणीतून, संस्थानिकांच्या आणि नगरशेठांच्या देणग्यांतून उभ्या राहिल्या. शासनाने या कामाची कायदेशीर जबाबदारी घेतली ती बरीच उशिरा. शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली आपला स्वतंत्र ग्रंथालय कायदा केला होता, पण त्याची हद्द संस्थानापुरती होती. सातारा जिल्हा आणि १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा या नावाने वेगळा झालेला, १९६० पासून सांगली म्हणून ओळखला जाणारा जिल्हा यांना महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ येईपर्यंत वाट पाहावी लागली. या कायद्याने ग्रंथालय संचालनालय, राज्य ग्रंथालय परिषद आणि ग्रंथालय निधी निर्माण केला, परंतु तमिळनाडू किंवा कर्नाटकातल्याप्रमाणे मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवण्याची तरतूद केली नाही. उपकर म्हणजे मूळ करावर विशिष्ट कामासाठी बसवलेला जादा कर. तो असेल तर शहर वाढते तसे ग्रंथालयाचे उत्पन्नही वाढते. महाराष्ट्राने ती वाट न धरल्यामुळे येथील ग्रंथालये शासनाच्या सहायक अनुदानावर, म्हणजे दरवर्षी अर्थसंकल्पातून मिळणाऱ्या ठराविक रकमेवर, विसंबून राहिली, आणि ग्रंथपालाच्या पगाराची गाठ तेथेच बसली.

१९७० च्या अनुदान नियमांनुसार शासनमान्य ग्रंथालयांचे ग्रंथसंख्या, सभासद, कामाचे तास अशा निकषांवर अ, ब, क, ड असे वर्ग पाडले जातात आणि जिल्हा, तालुका व इतर अशा प्रकारांनुसार अनुदानाची रक्कम ठरते. २०१२ नंतर दहा वर्षे हे दर जवळजवळ जागच्या जागी राहिले : ‘ड’ वर्गाला वर्षाला ३० हजार, इतर प्रकारातील ‘अ’ वर्गाला २ लाख ८८ हजार, जिल्हा ‘अ’ वर्गाला ७ लाख २० हजार. नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने त्यांत ६० टक्के वाढ मान्य केली. ही वाढ मोठी वाटते; पण या रकमेतील साधारण निम्मा भागच वेतनाचा असतो आणि उरलेल्यातून पुस्तके, नियतकालिके, वीज, भाडे यांची सोय लावायची असते, हे ध्यानात घेतले की चित्र बदलते. वाढीनंतरच्या हिशेबाने ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे अनुदान ४८ हजार होते, त्याचा निम्मा भाग २४ हजार, म्हणजे महिन्याला २ हजार रुपये, आणि अशा ग्रंथालयात ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई ही तिन्ही कामे बहुधा एकच व्यक्ती करते. इतर ‘अ’ वर्गाचे अनुदान ४ लाख ६० हजारांच्या घरात जाते. त्याचा निम्मा भाग चार जणांत सारखा वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला ४,८०० रुपये येतात. ग्रंथपालाला इतरांपेक्षा थोडे अधिक दिले जाते, काही श्रीमंत वाचनालये आपल्या वर्गणीतून किंवा सभागृहाच्या भाड्यातून भर घालतात, तरीही मूळ आकड्याची जात बदलत नाही. वर मांडलेला ५,१०० रुपयांचा हप्ता ‘अ’ वर्गाच्या वाचनालयातील सरासरी पगारापेक्षा मोठा आहे, आणि १,०६० रुपयांचा हप्तासुद्धा ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाच्या निम्म्याहून अधिक पगार खातो.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी पदवीचा विचार करणाऱ्याने नीट समजून घेतली पाहिजे. अनुदान ग्रंथालयाच्या वर्गावर ठरते, तेथे काम करणाऱ्याच्या शिक्षणावर नाही. प्रमाणपत्रधारक ग्रंथपालाच्या जागी एम.लिब. झालेला उमेदवार आला, तरी त्या ग्रंथालयाला एक रुपयाही जास्त मिळत नाही, आणि म्हणून ते ग्रंथालय त्यालाही जास्त देऊ शकत नाही. सार्वजनिक ग्रंथालयांतील कर्मचाऱ्यांना शिक्षण आणि सेवाकाळ यांनुसार वेतनश्रेणी मिळावी, या मागणीचा इतिहास जुना आहे. प्रभा राव यांच्या आणि त्यानंतर व्यंकप्पा पत्की यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांनी या प्रश्नाचा विचार केला, कर्मचारी संघटनांनी मोर्चे काढले, निवेदने दिली, तरी वेतनश्रेणी आली नाही. त्यातच २०१२ साली महसूल यंत्रणेमार्फत राज्यभरातील ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे थांबले, त्यामुळे या क्षेत्रातील नव्या जागांची वाढही खुंटली. वाचनसंस्कृतीबद्दल भाषणे करणाऱ्या समाजाने ग्रंथपालाला शेतमजुराच्या रोजापेक्षा कमी मोबदल्यावर राबवावे, ही महाराष्ट्राला शोभणारी गोष्ट नाही, आणि ती स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे.

पगार तुटपुंजा असला तरी प्रशिक्षित ग्रंथपालाची गरज मात्र खरी आहे. ऑगस्ट २०१९ मधील कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्हा नगर वाचनालयात पाणी शिरले आणि हजारो पुस्तके भिजून नष्ट झाली. अशा वेळी ओल्या कागदांपैकी काय वाचू शकते, कोणते पुस्तक इतरत्र पुन्हा मिळेल आणि कोणते कधीच मिळणार नाही, नोंदवही वाचली असेल तर संग्रह पुन्हा कसा जुळवायचा, हे निर्णय प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी घेऊ शकत नाही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेसारख्या संस्थेतील संस्कृत ग्रंथसंपदा आणि याच गावात चाललेले मराठी विश्वकोशाचे काम किंवा औंधच्या संग्रहालयातील जुना ठेवा पाहिला, तरी या दोन जिल्ह्यांना ग्रंथालयशास्त्र जाणणाऱ्यांची गरज किती आहे ते कळते. गरज आहे, पण गरजेचे रूपांतर पगारी पदात होत नाही, हीच येथील कोंडी आहे. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव म्हणून जाहीर झाले, आणि पुढे ही योजना विस्तारताना पलूस तालुक्यातील अंकलखोप-औदुंबरचाही तीत समावेश झाला. हे प्रयोग वाचकांना आनंद देणारे आहेत, परंतु तेथील पुस्तके घराघरांत, देवळांत, लॉजमध्ये ठेवलेली असल्यामुळे पदवीधर ग्रंथपालांसाठी नोकऱ्यांचा स्रोत म्हणून त्यांच्याकडे पाहता येत नाही.

शाळांची स्थिती याहून बरी असली तरी अरुंद आहे. अनुदानित माध्यमिक शाळेत पटसंख्येनुसार ग्रंथपालाचे पद मंजूर होते : मोठ्या पटाच्या शाळेला पूर्णवेळ, मध्यम पटाच्या शाळेला अर्धवेळ, आणि लहान शाळेला काहीच नाही. डोंगरी जावळी-पाटण भागात किंवा दुष्काळी माण-जतमध्ये पट घसरत चालला असताना पूर्णवेळ पदे वाढण्याची आशा धरणे कठीण आहे. जेथे पद आहे तेथे वेतन शासनमान्य श्रेणीचे असते आणि ते सन्मानाने जगण्याइतके असते. केंद्रीय विद्यालये व जवाहर नवोदय विद्यालये यांतील ग्रंथपालपद तर आणखी चांगले. सातव्या वेतन आयोगानुसार त्याचे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. सातारा जिल्ह्यात खावली येथे आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे नवोदय विद्यालय आहे, पण या पदांची भरती देशपातळीवर होते आणि एका विद्यालयात ग्रंथपाल एकच असतो.

सर्वांचे लक्ष ज्या पदाकडे लागलेले असते ते महाविद्यालयीन ग्रंथपालाचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार त्यासाठी किमान ५५ टक्के गुणांसह एम.लिब. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, अथवा नियमांनुसार मिळवलेली पीएच.डी., आवश्यक असते. नेट राष्ट्रीय पातळीवर होते. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. हे पद अध्यापकीय श्रेणीतील असल्यामुळे त्याचे मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होते, आणि भत्ते धरले तर वर मांडलेले दोन लाखांचे कर्ज असा ग्रंथपाल काही महिन्यांत फेडू शकतो. म्हणूनच प्रवेश घेताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर हे पद असते, आणि म्हणूनच या पदाची संख्या कशी ठरते ते समजून घेणे अत्यंत महत्त्वाचे आहे.

मराठी किंवा रसायनशास्त्राच्या विभागात पाच-सात अध्यापक असू शकतात, पण महाविद्यालयाला ग्रंथपाल एकच असतो. एकदा नेमलेला ग्रंथपाल तीस वर्षे सेवेत राहतो असे धरले, तर तीस महाविद्यालयांमागे वर्षाला सरासरी एक जागा रिकामी होते, आणि तीही भरली जाईलच असे नाही. रयत शिक्षण संस्थेची साताऱ्यातील महाविद्यालये, सांगलीचे १९१९ साली सुरू झालेले विलिंग्डन महाविद्यालय, कराड, इस्लामपूर, विटा, फलटण येथील महाविद्यालये अशी मोजणी केली तरी दोन्ही जिल्ह्यांत दरवर्षी मोकळ्या होणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या राहतात, आणि त्या जागांसाठी राज्यभरातून अर्ज येतात. २०१७ मध्ये शासनाने पदभरतीवर निर्बंध घातले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ते शिथिल करताना संपूर्ण महाराष्ट्रातील अनुदानित महाविद्यालयांसाठी ग्रंथपालांची १६३ पदे भरण्यास मान्यता मिळाली. राज्यभरात १६३. त्यानंतरही संस्थेने ना हरकत प्रमाणपत्र मिळवणे, बिंदुनामावली म्हणजे आरक्षणाचा क्रम तपासून घेणे, जाहिरात देणे, मुलाखत घेणे आणि शेवटी विद्यापीठाची व उच्च शिक्षण सहसंचालकांची मान्यता मिळवणे, या प्रत्येक टप्प्यावर महिने जातात. पंचविसाव्या वर्षी सेट उत्तीर्ण झालेला उमेदवार पस्तिशीपर्यंत एखाद्या विनाअनुदानित महाविद्यालयात ठरावीक मानधनावर काम करताना दिसतो, ते या गणितामुळे. त्याच्या अंगी गुण कमी असतात म्हणून नव्हे.

याच प्रतीक्षेतून सर्वांत घातक कर्ज जन्माला येते, आणि ते पदवीसाठी काढलेले नसते. काही खासगी संस्थांमध्ये कायम पदावर नेमणूक देताना ‘देणगी’ मागितली जाते, ही तक्रार महाराष्ट्रात उघडपणे बोलली जाते. त्या रकमेपुढे पदवीचा सारा खर्च किरकोळ ठरतो, आणि ती उभी करण्यासाठी सातबाऱ्यावर बोजा चढतो, गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, व्यवसायात परगावी असलेल्या नातेवाइकांकडे हात पसरावे लागतात. हे देणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्याची पावती नसते. वैयक्तिक मान्यता अडकली, शालार्थ या वेतनप्रणालीत नाव चढले नाही किंवा पटसंख्या घसरून पदच गेले, तर ते परत मागण्याला कोणताही आधार उरत नाही. ग्रंथालयशास्त्राची पदवी कर्जास योग्य आहे की नाही, याचा विचार करताना ‘पुढे पदासाठी आणखी भरू’ ही कल्पना ज्याच्या हिशेबात डोकावत असेल, त्याने ती पदवी घेऊच नये, इतके स्पष्ट मत येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

सरकारी अनुदानाच्या बाहेर एक क्षेत्र आहे, आणि ते अलीकडे थोडे विस्तारले आहे. कराड, मिरज, सांगली, इस्लामपूर परिसरातील अभियांत्रिकी, औषधनिर्माण व वैद्यकीय महाविद्यालयांना नियामक संस्थांच्या अटींमुळे ग्रंथालय चालवावेच लागते, आणि मूल्यांकनाची वेळ आली की त्यांना संगणकीकृत तालिका, ई-नियतकालिकांची नोंद, शोधनिबंधांचे अंकीय भांडार दाखवावे लागते. येथे उपयोगी पडते ते प्रत्यक्ष कौशल्य. न्यूझीलंडमध्ये तयार होऊन २००० साली वापरात आलेली कोहा ही मुक्त स्रोत ग्रंथालय प्रणाली कोणालाही विनामूल्य बसवता येते; गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची सोल प्रणाली अनेक महाविद्यालयांत वापरली जाते; संग्रहाच्या अंकीकरणासाठी डी-स्पेस आहे. या प्रणाली हाताळता येणाऱ्याला एका ठिकाणच्या मानधनाखेरीज लहान ग्रंथालयांची संगणकीकरणाची कामे ठोक रकमेवर घेता येतात. ही कौशल्ये पदवीच्या वर्गात ओझरती शिकवली जातात आणि खरी ती कामातून येतात, त्यामुळे ज्याने शिकत असतानाच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हात काळे केले त्याची पदवी इतरांपेक्षा लवकर फळते.

कर्ज टाळण्याच्या वाटाही याच मातीत आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ‘कमवा व शिका’ ही पद्धत शिवाजी विद्यापीठातही चालते. विद्यार्थी रोज काही तास काम करतो आणि राहण्या-जेवणाचा भार हलका होतो, म्हणजे वर दाखवलेल्या कर्जाचे मुख्य कारणच नाहीसे होते. मागास प्रवर्गांतील विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. तो प्रवेशाच्या वर्षीच आणि वेळेत भरला पाहिजे, कारण उशीर झाला तर ते वर्ष हातचे जाते. जे आधीच एखाद्या शाळेत लिपिक, महाविद्यालयात ग्रंथालय परिचर किंवा वाचनालयात निर्गम सहायक म्हणून काम करत आहेत, त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठाचा मार्ग जवळजवळ निर्विवाद योग्य आहे : पगार बुडत नाही, गाव सुटत नाही, आणि संस्थेत पद मोकळे झाले तर पात्रता हातात असते. लग्नानंतर सासरच्या गावी राहून नोकरी शोधणाऱ्या स्त्रियांनाही हीच वाट परवडते, मात्र घरच्यांनी त्यासाठी तिचे दागिने गहाण ठेवण्याचा विषय काढला तर तिने नकार द्यावा; एवढ्या शुल्काला तारणाची गरज नसते.

नवा पदवीधर, ज्याच्याकडे ना नोकरी आहे ना घरचा आधार, त्याच्यासाठी क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रमाणपत्र वर्ग करून किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सहा महिने काम करून हा व्यवसाय आपल्याला मानवतो का ते पाहावे, कारण ग्रंथपालाचे काम पुस्तके वाचण्याचे कमी आणि दुसऱ्याला हवे ते पुस्तक, हवा तो कागद शोधून देण्याचे अधिक आहे. नंतर बी.लिब. करावे आणि एम.लिब.च्या वर्षातच सेटची परीक्षा द्यावी. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अंतिम टप्प्यातील विद्यार्थ्यालाही ती देता येते. कर्ज घ्यावेच लागले तर ते ‘अ’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयातील पगारातून फेडता येईल एवढेच घ्यावे, महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पगाराकडे पाहून घेऊ नये. मांडलेल्या हिशेबाने ही मर्यादा ५० हजारांच्या आसपास येते. त्याहून मोठी रक्कम लागत असेल तर नियमित अभ्यासक्रमाऐवजी मुक्त विद्यापीठ निवडावे, किंवा वर्षभर काम करून पैसे साठवावेत आणि मग प्रवेश घ्यावा. एक वर्ष उशीर झाला म्हणून या क्षेत्रात फारसे बिघडत नाही. तीस महाविद्यालयांमागे वर्षाला एक जागा मोकळी होण्याचा वेग त्या वर्षाने बदलत नाही, आणि हप्ता नसलेल्या उमेदवाराला ती जागा येईपर्यंत थांबता येते.